उपसागराच्या बाई

प्रेमलाबाईंनी निलंग्याच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. एवढ्या वर्षांत त्यांनी फळ्यावर बंगालचा उपसागर किती वेळा काढला असेल, याची गणती नाही. नकाशा समोर न घेता, हात न उचलता, श्रीलंकेच्या टोकापासून पार सुंदरबनापर्यंत त्या एका दमात किनारा ओढायच्या. मग निळ्या खडूनं समुद्रात एक भोवरा काढायच्या आणि वर्गाकडं वळून म्हणायच्या, "अरबी समुद्राचा पाऊस सह्याद्रीवरच सांडतो, पोरींनो. आपल्यापर्यंत येईस्तोवर त्याच्यात फार काही उरत नाही. श्रावण-भादव्यात आपल्याकडं जो मोठा पाऊस लागतो ना, तो हा. हा इकडून, पूर्वेकडून येतो." पोरी त्यांना पाठीमागं 'उपसागर बाई' म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

बाई मूळच्या नांदेडच्या. आजोळ देगलूरचं, त्यामुळं लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेलं थोडंफार तेलुगू त्यांच्या कानात राहून गेलं होतं. यजमान माधवराव नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणावर पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. नोकरीची दोन टोकं कधी जुळलीच नाहीत. बाई निलंग्याला, माधवराव नांदेडला, आणि शनिवारची एसटी मधल्या मध्ये. निवृत्तीनंतर माधवराव बॅग घेऊन निलंग्याला आले ते कायमचे, आणि आल्या आल्या त्यांनी अंगणात, तुळशीपासून दहा पावलांवर, सरकारी मापाचं पर्जन्यमापक बसवून घेतलं. "धरणातलं पाणी मोजण्यात जन्म गेला," ते म्हणाले, "आता निदान घरचं तरी मोजू."

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मुलानं त्यांना चांगला मोबाईल घेऊन दिला. त्यावर उपग्रहाची चित्रं दिसतात, वाऱ्याचे नकाशे दिसतात, हे कळल्यावर बाईंना हरवलेलं माणूस सापडल्यासारखं झालं. जो उपसागर इतकी वर्षं खडूनं काढला, तो आता तळहातावर ढग घेऊन फिरत होता. आसपासच्या गावांत दिलेल्या जुन्या विद्यार्थिनींचा त्यांनी एक ग्रुप केला. दीडेकशे जणी होत्या त्यात. कुणी शेत स्वतः करणारी, कुणी सासऱ्याच्या हाताखाली राबणारी. रोज सकाळी सातला, चहा झाला की बाई दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून टाकायच्या. आज उपसागरात काय आहे, वारा कुठून आहे, फवारणी करावी की थांबावं. ते ऐकल्याशिवाय कित्येक घरांत माणसं रानात जात नव्हती.

आणि मग दोन वर्षांपूर्वी बाई चुकल्या.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र होतं, पण सगळे नकाशे ते ओडिशाकडून वर छत्तीसगडकडं जाताना दाखवत होते. बाई म्हणाल्या, "आपल्याकडं काही येत नाही. बिनधास्त कापा." लोकांनी कापलं. दुसऱ्याच दिवशी तो भोवरा वळला, तेलंगणातून सरळ आत आला आणि तीन दिवस बरसला. कापून टाकलेलं सोयाबीन रानात भिजत पडलं, शेंगांतल्या शेंगांत दाण्यांना मोड आले. देवणीच्या अलीकडच्या एका गावात शेषेरावांचं चार एकराचं सगळं पीक असं गेलं. शेषेरावांची सून साक्षी ही बाईंची विद्यार्थिनी. तिनं कळवलं तेही दोष देत नाही, नुसतं सांगतेय अशा आवाजात.

दोष कुणीच दिला नाही. पण त्या दिवसापासून बाईंनी सकाळचा निरोप बंद केला. "मी काही वेधशाळा नाही," त्या माधवरावांना म्हणाल्या, "बिनधास्त हा शब्द वापरायला मला कुणी सांगितलं होतं?" माधवरावांनी समजावून पाहिलं, मग सोडून दिलं. मोबाईलवर उपसागर बघायचं मात्र बाईंना सुटलं नाही. बघायच्या आणि गप्प बसायच्या.

यंदा जून-जुलै बरा गेला. पिकं चांगली आली. पण ऑगस्ट लागला तसा पाऊस जो गेला तो गेलाच. एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे. आभाळ नुसतं कोरडं, वरून भादव्यासारखं ऊन. सोयाबीनला फुलं गळून शेंगा लागलेल्या, दाणा भरायची वेळ, आणि दुपारी बारानंतर पानं उलटी पडायला लागली. सत्ताविसाव्या दिवशी, एका सोमवारी, सकाळच्या देवणी-निलंगा गाडीनं साक्षी बाईंच्या दारात येऊन उभी राहिली. हातात दुधाची किटली. घरच्या देवणी गाईचं दूध होतं.

"बाई, तुम्ही बोलना गेलात, म्हणून मीच आले," ती म्हणाली.

बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. साक्षीनं बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. विहिरीत पाणी आहे ते एकाच रानाला एकदा भिजवण्यापुरतं. रानं दोन. एक माळावरचं, मुरमाड, हलकं. ते आता दोन दिवससुद्धा तग धरणार नाही. दुसरं ओढ्याकडचं, काळीचं. ते अजून पाचसहा दिवस ताण सोसेल, आणि पीकही तिथलंच भारी. "पाऊस येणार असंल, तर पाणी माळाला द्यावं, काळीचं तेवढे दिवस तग धरंल. दोन्ही वाचतील. पण पाऊस येणारच नसंल तर माळ सोडून द्यावा आणि पाणी काळीला द्यावं. आमचे मामा रोज विहिरीत वाकून बघायलेत आणि ठरवना गेलेत."

मामा म्हणजे तिचे सासरे, शेषेराव.

"साक्षी, मागच्या वेळी मीच तुमचं..."

"बाई, ते झालं. मी ते काढायला आले न्हाई."

"मला खात्रीनं सांगता येत नाही गं. कुणालाच येत नाही."

"मग पक्कं नका ना सांगू," साक्षी म्हणाली. "तुम्हाला काय दिसायलंय, तेवढं सांगा. ठरवायचं ते आम्ही ठरवतो. वर्गात तुम्ही अगुदर दाखवायच्या, मग आम्हाला विचारायच्या, आता सांगा काय होईल. तसंच करा की."

बाई उठल्या, चष्मा शोधला, मोबाईल घेतला आणि तिच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसल्या. पूर्वेला अंदमानच्या वर ढगांचा एक पुंजका कालपासून फिरायला लागला होता. "हा बघ. उद्यापर्यंत हा कमी दाबाचा होईल. परवा काकिनाड्याच्या आसपास किनाऱ्याला लागेल. तिथून दोन वाटा आहेत. एक वर, ओडिशाकडून छत्तीसगडला. तिकडं गेला तर आपल्याला वाराच मिळेल नुसता. दुसरी ही, तेलंगणातून सरळ आपल्याकडं, आधी उदगीर, मग देवणी, मग आम्ही. मला आज दुसरी वाट जास्त दिसते. दहात सहा."

"दहात सहा म्हणजे?"

"असं दहा वेळा झालं, तर सहा वेळा पाऊस आपल्याकडं येईल आणि चार वेळा वर निघून जाईल. आला तर शुक्रवार-शनिवारी."

साक्षीनं ते बोटांवर मोजल्यासारखं मनाशी घोळवलं. मग हळूच म्हणाली, "बाई, काकिनाड्याला आमचे हे गेलेत."

तिचा नवरा दयानंद ट्रक चालवायचा. लातूरच्या तेल गिरण्यांतून सोयाबीनची पेंड भरायची आणि आंध्राच्या किनाऱ्यावर माशांचं खाद्य करणाऱ्या कारखान्यांत उतरवायची, ही त्याची नेहमीची फेरी. रविवारीच तो निघाला होता.

"मग त्याला सांग, माल उतरला की थांबू नकोस, लगेच माघारी फीर," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी साक्षी गेल्यावर बाईंनी दोन वर्षांनी ग्रुप उघडला. त्यांनी सांगितलं ते साक्षीला सांगितलं तेच, दोन्ही वाटांसकट, दहात सहा धरून. शेवटी म्हणाल्या, "मागं माझं चुकलं होतं. ज्यांचं नुकसान झालं त्यांची मी माफी मागितली नव्हती. आज मागते." आणि बोट उचललं. माधवराव दारात उभं राहून ऐकत होते. ते दोघांसाठी चहा टाकायला आत गेले. साक्षीनं आणलेल्या दुधाचा.

मंगळवारी दिवसाची लाईट होती. शेषेरावांनी मोटर चालू केली आणि पाणी माळाला दिलं. विहिरीचा तळ दिसेस्तोवर दिलं. साक्षीनं फोटो टाकला, पाण्यानं काळंशार झालेलं मुरमाड रान आणि पलीकडं धुऱ्यावर पाठमोरे उभे शेषेराव. बाईंनी तो फोटो मोठा करून पाहिला. आता काळीचं रान आभाळावर टाकलेलं होतं.

बुधवारी ते कमी दाबाचं क्षेत्र बाई म्हणाल्या होत्या तसंच किनाऱ्याला लागलं, वरून तीव्रही झालं. दुपारी दयानंदचा साक्षीला फोन आला. माल उतरवायला कारखान्यात रांग होती, त्यात पाऊस कोसळायला लागला, पुढचा रस्ता पाण्याखाली गेला. "मी ट्रक उंचावर लावलाय, काळजी करू नकू," एवढं बोलणं झालं आणि फोन तुटला. मग लागेना. गुरुवारी सकाळीही लागेना.

आणि गुरुवारी तो भोवरा जागचा हलेना. किनाऱ्यावर बसल्या जागी फिरत राहिला. नकाशांतल्या वाटा एकमेकींत गुंतल्या, काही वर जायला लागल्या, काही समुद्रातच विरल्या. बातम्यांत काकिनाड्याकडची कोळ्यांची घरं दाखवत होते, गुडघाभर पाण्यात भांडीकुंडी डोक्यावर घेतलेल्या बाया, शाळेच्या वर्गांत अंथरुणं. बाईंनी ते बघितलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. चार दिवस आपण हाच भोवरा यावा, मोठा व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो.

साक्षीचा फोन आला. "बाई, आता मला पाऊसच नको वाटायलाय," ती म्हणाली आणि रडायला लागली. "जळू दे ते सोयाबीन. ह्यांचा फोन लागू दे निस्ता."

"ट्रक उंचावर लावलाय म्हणाला ना तो? शहाणा आहे. टॉवरची लाईट गेली असेल," असं काहीबाही बाई बोलल्या. फोन ठेवला आणि माधवरावांना म्हणाल्या, "मी आजचा निरोप टाकत नाही. काय तोंडानं टाकू?"

माधवरावांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "पुरात मी विष्णुपुरीला रात्रंदिवस आकडे कळवत असायचो," ते म्हणाले. "पाणी वाढलं तरी कळवायचो, कमी झालं तरी कळवायचो, जैसे थे असलं तरी कळवायचो. खालच्या गावांना आकडा चांगला की वाईट याच्याशी घेणं नसायचं, प्रेमला. फोन आला नाही की मात्र ते घाबरायचे."

बाईंनी निरोप टाकला. "काल मी दहात सहा म्हणत होते. आज दहात पाच. तो किनाऱ्यावर अडकून बसलाय. तिकडं माणसांचे फार हाल चाललेत. आपल्या साक्षीचे यजमान तिकडं आहेत, त्यांच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करा. याहून जास्त मला आज दिसत नाही."

दहा मिनिटांनी ग्रुपवर साक्षीच्याच नंबरवरून एक आवाज आला, पण तो साक्षीचा नव्हता. जाडाभरडा, मोबाईल तोंडाच्या फार जवळ धरलेला. "बाई, मी शेषेराव बोलतो. काळीचं रान अजून हाय. पोराचं बी काय वाईट हुणार न्हाई. तुमी कमी-जास्त जे आसंल ते सांगत ऱ्हावा. आमी हाव हितंच." बाईंनी तो आवाज तीनदा ऐकला. त्या दिवशी त्यांना दुपारचं जेवण गेलं ते त्यामुळंच.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला साक्षीचा फोन आला तेव्हा तिला धाप लागली होती. "लागला बाई, ह्यांचा फोन लागला! दुसऱ्याच्या फोनवरून केला. बरे हाईत."

झालं होतं असं की ट्रकच्या बाजूलाच एका चहाच्या टपरीवाल्या बाईचं बिऱ्हाड होतं. नूकरत्नम तिचं नाव. नवरा मासेमारी करणारा, होडी वर ओढून ठेवलेली. पाणी त्या उंचवट्यावरही शिरलं तशी गावकऱ्यांबरोबर ती शाळेत जायला निघाली, आणि जाता जाता ट्रकच्या काचेवर थापा मारून तिनं दयानंदलाही खाली उतरवलं. भाषा एकमेकांची कळत नव्हती. दोन दिवस त्या शाळेच्या वर्गात तिनं त्याला स्वतःच्या पोरांबरोबर भात वाढला. पाणी ओसरल्यावर, लाईट आल्यावर, पहिला फोन तिनं स्वतःच्या नातेवाइकांना न करता त्याच्या हातात दिला होता.

"मला तिचा नंबर दे," बाई म्हणाल्या.

आजोळचं तेलुगू साठ वर्षांत गंजून गेलं होतं. बाईंनी शब्द जुळवत जुळवत तिला नमस्कार केला, लेकराला सांभाळलंस, तुझे उपकार झाले, असं काहीतरी म्हणाल्या. पलीकडून भराभरा तेलुगू आलं, त्यातलं निम्मं बाईंना कळलं. टपरी वाहून गेली, पण माणसं सगळी आहेत. होडी आहे. मग बाईंनी विचारलं, वारा कुठून आहे गं आता? नूकरत्नमला हसू आलं असावं. ती म्हणाली, सकाळपासून समुद्राकडून जमिनीकडं, सरळ. ढग सगळे तुमच्या बाजूला निघाले.

बाईंनी नकाशा उघडला. दोन तासांपूर्वीचं चित्र आणि आताचं चित्र. ती म्हणत होती तेच. भोवरा सुटला होता आणि पश्चिमेची वाट धरून तेलंगणात शिरला होता. त्यांनी ग्रुपवर सांगितलं, "दयानंद सुखरूप आहे. आणि आता दहात आठ. बिनधास्त मी म्हणणार नाही." त्यावर दीडशे जणींनी काय काय पाठवलं ते वाचायला त्यांना अर्धा तास लागला.

शनिवारी दुपारी दोननंतर निलंग्याच्या पूर्वेला आभाळ शाईसारखं झालं. बाई आणि माधवराव अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. वारा गार लागत होता, थेंब मात्र नव्हता. तीन वाजले. साडेतीनला फोन वाजला. केवळाबाई, साक्षीची सासू. या बाईनं आयुष्यात कुणाला आपणहून फोन केलेला नव्हता.

"बाई, हितं लागलाय बगा!" ती ओरडत होती, कारण मागं पत्र्यावर धो धो चाललं होतं. "घंटा झाला. माळावरनं पानी व्हायलंय. मानूस मानसाला दिसना. तुमच्याकडं हाय का?"

"अजून नाही, केवळाबाई."

"येतोय येतोय! आमचं झालं की मग बाईंकडं जा म्हनून सांगितलंय त्याला."

बाई हसता हसता रडल्या. निलंग्याला पाऊस आला तो पाच वाजता, आणि मोठा नाही, आपला रिमझिम. रविवारी सकाळी साडेआठला माधवरावांनी पर्जन्यमापकातली बाटली काढून मापात ओतली, डोळ्याशी धरली आणि जाहीर केलं, "चौदा मिलिमीटर." देवणीला त्या दोन दिवसांत एकाहत्तर झाला होता. "सारा पाऊस तुझ्या विद्यार्थिनींनी वाटेतच उतरवून घेतला," ते म्हणाले. बाईंनी तुळशीला हात जोडले आणि स्वयंपाकाला लागल्या. सगळीकडं सारखा नाहीच पडला तो. औरादकडच्या दोघीतिघींच्या रानात नुसता शिंतोडा झाला. त्यांना बाईंनी एकेकीला स्वतः फोन केला.

आठवड्यानं बाई आणि माधवराव एसटीनं साक्षीच्या गावाला गेले. फाट्यावर दयानंद मोटारसायकल घेऊन उभा होता. तो बाईंच्या पाया पडला तेव्हा बाईंनी त्याला नुसतंच दोन्ही दंडांना धरून उभं केलं, नीट बघून घेतलं. मग सगळे रानात गेले. काळीचं सोयाबीन कंबरेला लागत होतं. शेषेरावांनी एक झाड उपटलं, शेंग फोडली आणि बाईंच्या तळहातावर तीन दाणे ठेवले. हिरवे, टपोरे, ओलसर.

"माळावर बी आसेच हाईत," ते म्हणाले. मग दुसरीकडं बघत म्हणाले, "बाई, त्या साली मोड आले, ते वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. पन कापायचा इळा माझ्या हातात हुता, तुमच्या न्हवं. तुमी बोलायच्या बंद झालात, ते मला लई लागलं. सकाळी रानात निघताना कान रिकामाच ऱ्हायचा."

बाईंनी दाण्यांची मूठ मिटली. "आता नाही बंद होणार," त्या म्हणाल्या.

घरी केवळाबाईंनी धपाटे केले होते, गाईच्या दुधाचं घट्ट दही, येसराची आमटी. बाईंना वाढताना त्या म्हणाल्या, "बाई, त्या तिकडच्या बाईला काय धाडावं? पोराला दोन दिस जेवू घातलं तिनं. आपल्या पावसापायी तिचं दुकान गेलं."

"पाऊस काय आपण बोलावला व्हता का?" शेषेराव म्हणाले.

"मी तर बोलावला व्हता," केवळाबाई म्हणाल्या. "रोज बोलावला व्हता. मला म्हाईत न्हवतं, तो कुनाच्या दारावरनं येतोय ते."

घास तोंडाजवळ नेता नेता बाईंनी हात थांबवला. गुरुवारी जी लाज त्यांना एकटीला वाटली होती, ती या माउलीनं किती सरळ बोलून दाखवली होती. "तूरडाळ पाठवा," त्या म्हणाल्या. "मीही देते."

सोयाबीन निघालं. दयानंद पेंडीची पुढची फेरी घेऊन गेला तेव्हा ट्रकच्या केबिनमध्ये घरच्या तूरडाळीचं एक पोतं होतं, त्यातली दहा किलो निलंग्याहून आलेली. वर ग्रुपमधल्या बायांनी पाठवलेल्या पाच चांगल्या साड्या आणि टपरीवर घालायला दोन नवे पत्रे. पत्रे शेषेरावांनी स्वतः बांधून दिले. दयानंदनं तिकडून फोन लावून दिला. नूकरत्नमनं पहिलाच प्रश्न विचारला, "वान पडिंदा?" पाऊस पडला का?

"पडिंदम्मा," बाई म्हणाल्या. पडला गं बाई. "खूप पडला."

पुढं कितीतरी वेळ ती बोलत राहिली, आणि बाईंना शब्द सापडेनात तिथं त्या मराठीच बोलल्या. पलीकडून हुंकार येत होता, त्यामुळं चाललं. परतीच्या ट्रकमधून अर्धं पोतं नारळ आले. त्यातले चार निलंग्याला पोचले. माधवरावांनी एक फोडला, पाणी दोन पेल्यांत बरोबर मापून ओतलं, आणि खोबऱ्याची चटणी स्वतः वाटली, अगदी बेताची तिखट.

ऑक्टोबरच्या मध्याला उपसागरात पुन्हा हालचाल दिसायला लागली. या नव्या भोवऱ्याची देवणी-निलंग्याला गरज नव्हती, तूर फुलात होती, रब्बीची पेरणी चालू होती, आणि बाईंच्या अंदाजानं तो इकडं येणारही नव्हता. किनाऱ्यावर मात्र जोराचा वारा सुटणार होता. सकाळी सातला बाईंनी नेहमीप्रमाणं फोन तोंडाशी धरला, आपल्या पोरींना सांगायचं ते सांगितलं. मग ग्रुप बंद करून त्यांनी दुसरा नंबर काढला. तिकडं सरकारी इशारे मिळतातच, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी आदल्या दिवशी देगलूरच्या मामेभावाला विचारून कागदावर लिहून ठेवलेली तीन वाक्यं चष्मा लावून सावकाश वाचली. परवापासून समुद्र खवळेल. होडी वर ओढून ठेवा. पोरांना घेऊन वेळेवर शाळेत जा.

दुसऱ्याच मिनिटाला तिकडून उत्तर आलं. नूकरत्नमचा आवाज होता, मागं किटलीचा खणखणाट, गिऱ्हाइकांची बोलणी, नव्या पत्र्यावर आपटणारा वारा. ती म्हणाली, बाई, होडी कालच वर घेतली. मग हसून तिनं बाईंच्या तेलुगूतली एक चूक दुरुस्त करून सांगितली. बाईंनी पेन घेतलं आणि कागदावर तो शब्द नीट करून लिहिला.